तालमूदमधली भुतं, चालणारं झाड आणि अलिबागजवळ उतरलेला एलियाहू: या गोष्टी वाचायच्या कशा?

घरात भुतं आहेत का, हे बघायचंय? मग रात्री पलंगाभोवती चाळलेली राख पसरा. सकाळी राखेत कोंबड्याच्या पायांसारखे ठसे दिसतील. भूत प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायचं असेल तर काम जरा अवघड आहे. पहिलटकर काळ्या मांजरीच्या पोटी पहिल्यांदा जन्मलेली काळी मांजर शोधायची, तिची वार भाजायची, कुटायची आणि ती पूड डोळ्यात घालायची.

हे कुठल्या बाबाच्या रीलमधलं नाही. यहुदी धर्माच्या सर्वात मोठ्या ग्रंथात, म्हणजे तालमूदमध्ये, हे लिहिलेलं आहे. 'ब्राखोत' नावाच्या खंडात, अगदी सुरुवातीच्या पानांवर. असल्या उताऱ्यांचे स्क्रीनशॉट सोशल मीडियावर फिरत असतात. खाली कमेंट्स दोनच प्रकारच्या असतात. एक, 'काय हा वेडेपणा'. दुसरी, 'यात काहीतरी गूढ विज्ञान दडलंय'.

दोन्ही कमेंट्स चुकतात. कशा, ते बघण्यासारखं आहे, कारण या विषयाचा एक धागा थेट कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजापर्यंत, बेने इस्राएलींपर्यंत येतो. आणि तिथे तो नुसता गमतीचा राहत नाही.

आधी तालमूद म्हणजे काय, ते थोडक्यात

तालमूदला अनेकजण 'यहुद्यांचं बायबल' म्हणतात. ते चूक आहे. तालमूद म्हणजे वादांचं इतिवृत्त. साधारण इसवी सन 200 च्या सुमारास रब्बी यहुदा हनासी यांनी तोंडी चालत आलेले धर्मनियम एकत्र केले, त्याला मिश्ना म्हणतात. पुढची तीनेकशे वर्षं बॅबिलोनमधल्या (आजचा इराक) पंडितांनी त्या नियमांवर घातलेला वाद म्हणजे गेमारा. दोन्ही मिळून तालमूद. दुसरा एक तालमूद गालीलच्या भागात तयार झाला, पण जास्त वाचला जातो तो बॅबिलोनचा. त्याची 2711 पानं आहेत, दोन्ही बाजू धरून एक पान. 1923 मध्ये ठरवलेल्या पद्धतीने रोज एक पान वाचलं तर तो संपायला जवळपास साडेसात वर्षं लागतात. जगभर हजारो लोक आजही तसं वाचतात.

यात दोन प्रकारचा मजकूर आहे. हलाखा म्हणजे कायदा: काय करावं, काय करू नये. आणि अगादा म्हणजे बाकी सगळं: गोष्टी, स्वप्नं, औषधं, विनोद, भुतं. दोन्ही एकाच पानावर, शेजारी शेजारी. कोर्टाच्या निकालपत्रात मधेच आजीने गोष्ट सांगावी, तसं. स्क्रीनशॉटची भानगड इथेच सुरू होते. गोष्ट तेवढी कापली जाते, निकालपत्र मागे राहतं.

भुतांच्या आधी त्या पानावर काय आहे?

त्या पानावर विषय चाललाय प्रार्थनेचा आणि अभ्यासाचा. त्यात एक पंडित म्हणतो, भुतं डोळ्यांना दिसली असती तर कुणी टिकलाच नसता. दुसरा म्हणतो, प्रत्येकाच्या डाव्या हाताला हजार आणि उजव्या हाताला दहा हजार असतात. मग रावा नावाचे मोठे पंडित यादीच देतात: व्याख्यानाला एवढी गर्दी वाटते ती भुतांमुळे, गुडघे थकतात ते भुतांमुळे, पंडितांचे कपडे लवकर झिजतात तेही भुतांच्या घासण्यामुळे.

गर्दी, गुडघेदुखी आणि झिजलेला अंगरखा. दिवसभर मांडी घालून शिकणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांचंच वर्णन आहे हे. यात विनोद किती आणि खरी भीती किती, हे मोजता येत नाही. पण भीती होती, हे नक्की. इराकमध्ये निप्पूर इथल्या उत्खननात मातीचे वाडगे सापडले. त्यांवर आतून गोलगोल अरामी भाषेत मंत्र लिहिलेले. हे वाडगे घरात, उंबरठ्याजवळ पालथे पुरत, भूत त्याखाली अडकावं म्हणून. आपल्याकडे दारावर लिंबू-मिरची लटकते आणि नव्या बांधकामावर काळी बाहुली. त्यामुळे मराठी वाचकाला यात फार नवल वाटू नये.

म्हणजे भुतांचे उतारे हे त्या काळच्या बॅबिलोनचं वातावरण आहे. तिथे सगळेच भुतं मानत होते. पंडितही.

गळा कापला, दुसऱ्या दिवशी जिवंत केला

दुसरा लाडका स्क्रीनशॉट 'मगिला' खंडातला. पुरीमचा सण. हा दारू पिण्याचा, सोंगं काढण्याचा दिवस. रब्बा आणि रब्बी झेरा एकत्र जेवायला बसतात, भरपूर पितात. रब्बा उठतो आणि झेराचा गळा कापतो. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येतो, प्रार्थना करतो, झेरा जिवंत होतो. पुढच्या वर्षी रब्बा पुन्हा आमंत्रण देतो. झेरा नको म्हणतो: दरवेळी चमत्कार होईलच असं नाही.

सतराव्या शतकातल्या महर्षा या भाष्यकाराला (हे नाव संस्कृत नाही, हिब्रू आद्याक्षरांचं आहे) हे शब्दशः पटेना. त्याचं म्हणणं, गळा कापला म्हणजे इतकी पाजली की जीव जायची वेळ आली. ठीक आहे. पण त्याहून सोपी किल्ली त्याच पानावर आहे. गोष्टीच्या अगदी आधी नियम येतो: पुरीमला माणसाने इतकं प्यावं की शापित हामान आणि आशीर्वादित मोर्दखाय यांतला फरक कळू नये. नियम संपला की लगेच ही गोष्ट. नियम सांगणाराही रावाच, भुतांची यादी देणारा. आणि त्याच्या पाठोपाठ कुणीतरी गोष्टीतून विचारतंय: बरं, मग पुढे काय होतं माहितीये?

एकटी वाचली तर ही जादूटोण्याची गोष्ट. नियमाशेजारी वाचली तर ब्रेक.

तंदूर, झाड आणि वाकलेली भिंत

आता सगळ्यात गाजलेली गोष्ट. 'बाबा मेत्सिया' खंड, पान 59. वाद एका मातीच्या भट्टीवरून आहे. मूळ शब्द 'तनूर', म्हणजे आपल्या तंदूरचाच भाऊबंद. भट्टीचे आडवे तुकडे केलेत, मध्ये वाळू भरलीय. अशी भट्टी ओवळी होते की नाही? इंग्रजीत हा प्रश्न समजावायला परिच्छेद लागतो, मराठीत सोवळं-ओवळं म्हटलं की झालं.

रब्बी एलिएझर म्हणतात, होत नाही. बाकी सगळे म्हणतात, होते. एलिएझर सगळे युक्तिवाद मांडतात, कुणी ऐकत नाही. मग ते म्हणतात, मी बरोबर असेन तर हे कॅरोबचं झाड सिद्ध करेल. झाड जागेवरून उपटून शंभर हात लांब जातं. पंडित म्हणतात, झाडावरून काही सिद्ध होत नाही. मग पाट उलटा वाहतो. पंडित म्हणतात, पाण्यावरूनही नाही. मग शाळेच्या भिंती कलू लागतात. रब्बी यहोशुआ भिंतींना दटावतात: पंडित कायद्यावर भांडतायत, तुमचा काय संबंध? भिंती यहोशुआंच्या मानाखातर पडत नाहीत आणि एलिएझरांच्या मानाखातर सरळही होत नाहीत. तशाच तिरक्या राहतात.

शेवटी आकाशवाणी होते: एलिएझरचंच बरोबर आहे. त्यावर यहोशुआ उभे राहतात आणि धर्मग्रंथातल्याच शब्दांचा आधार घेऊन सांगतात की कायदा आता स्वर्गात राहिलेला नाही. तो माणसांच्या हाती दिलाय. निर्णय बहुमताने होईल.

चालणारी भिंत मराठी माणसाला सांगायला नको. चांगदेव वाघावर बसून आले, तेव्हा ज्ञानेश्वर भावंडं बसलेली भिंत चालवत सामोरी गेली, ही कथा पहिलीतल्या मुलाला ठाऊक असते. आळंदीत भिंत दाखवतातही. पैठणला रेड्याच्या तोंडून वेद वदवल्याची कथाही तशीच. फरक मात्र मोठा आहे. आपल्या दोन्ही कथांत चमत्कार वाद मिटवतो: चांगदेवांचा गर्व उतरतो, पैठणचे ब्राह्मण नमतात. तालमूदच्या गोष्टीत चमत्कार एकामागून एक होतात, खरे होतात आणि हरतात. चमत्कार दाखवून वाद जिंकता येणार नाही, हे सांगायला त्यांनी चमत्कारांचीच गोष्ट वापरली.

बहुतेक लेख, व्हिडिओ, पोस्ट इथे थांबतात. 'बघा, किती लोकशाहीवादी!' पण गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

जिंकलेले पंडित एलिएझरांनी शुद्ध ठरवलेल्या सगळ्या वस्तू जाळतात. त्यांना बहिष्कृत करतात. ही बातमी सांगायला त्यांचा शिष्य अकिवा जातो, काळे कपडे घालून, लांब बसून. एलिएझर कपडे फाडतात, जमिनीवर बसून रडतात. त्या दिवशी ऑलिव्ह, गहू आणि जव, प्रत्येकाचं एक तृतीयांश पीक करपतं. एलिएझरांची बायको इम्मा शालोम ही बहिष्कार घालणाऱ्या प्रमुखाची, रब्बान गमलिएलांची बहीण. नवऱ्याने जमिनीवर डोकं टेकून मन मोकळं केलं तर आपल्या भावाचा जीव जाईल, हे तिला माहीत आहे. ती नवऱ्याला तसं करू देत नाही. एक दिवस नजर चुकते. भाऊ जातो.

आणि हे सगळं कुठल्या विषयाखाली आलंय? भट्टीच्या नाही. पानावरचा विषय आहे शब्दांनी माणसाला दुखावणं: व्यवहारातल्या फसवणुकीइतकाच, किंबहुना मोठा गुन्हा. म्हणजे पंडित कायद्याने बरोबर होते आणि तरीही त्यांनी एका म्हाताऱ्या माणसाचं जे केलं ते भयंकर होतं. दोन्ही एकाच गोष्टीत.

मग हे खरं मानायचं का?

हा प्रश्न यहुदी पंडितांनाही पडला. बाराव्या शतकातल्या मैमोनिदिसने (1138–1204) मिश्नावरच्या भाष्यात वाचकांचे तीन गट पाडले. पहिला गट सगळं शब्दशः खरं मानतो. मैमोनिदिस म्हणतो, यांना वाटतं आपण पंडितांचा मान वाढवतोय, पण हे त्यांना हास्यास्पद ठरवतात. दुसरा गटही शब्दशः वाचतो आणि हसतो. तिसरा गट मानतो की पंडित मूर्ख नव्हते, त्यामुळे अशक्य गोष्ट सांगितली असेल तर आत दुसरं काही सांगायचं असणार. हा गट फार छोटा, असं तो खेदाने नोंदवतो. आजच्या कमेंट सेक्शनमध्येही हेच पहिले दोन गट भेटतात.

अर्थात मैमोनिदिसचा तिसरा मार्गही सगळीकडे चालत नाही. मांजरीच्या वारेत तत्त्वज्ञान शोधायला गेलं तर ओढाताण होते. काही उतारे रूपक आहेत, काही विनोद, काही त्या काळचं औषधपाणी, आणि काही निव्वळ त्या काळच्या समजुती. सगळ्यांना एकच किल्ली लावणं हीच खरी चूक.

या चुकीची किंमतही मोजली गेलीय. निकोलस दोनिन नावाच्या धर्मांतरित यहुद्याने पोपकडे तालमूदविरुद्ध आरोपपत्र दिलं. त्यात असेच विचित्र उतारे वेचून काढलेले होते. 1240 मध्ये पॅरिसला ग्रंथावर जाहीर खटला चालला. दोनेक वर्षांत हस्तलिखितांच्या चोवीस गाड्या भरून पॅरिसमध्ये जाळण्यात आल्या. छपाई यायच्या दोनशे वर्षं आधीची गोष्ट, प्रत्येक प्रत हाताने लिहिलेली. 1263 मध्ये बार्सिलोनाच्या वादात रब्बी नहमानिदिसने राजासमोर सांगून टाकलं की कायदा आमच्यावर बंधनकारक आहे, गोष्टींवर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

कोकणात तालमूद नव्हता, एलियाहू होता

तंदूरच्या गोष्टीत एक पात्र अजून यायचंय. आकाशवाणी धुडकावल्यावर देवाला काय वाटलं असेल? रब्बी नतान हे प्रेषित एलियाहूला विचारतात. एलियाहू सांगतो की देव हसला, आणि आपल्या मुलांनी आपल्याला हरवलं असं म्हणाला.

बायबलात एलियाहू मरत नाही, अग्निरथातून स्वर्गात जातो. म्हणून तालमूदमध्ये तो सतत येत-जात असतो. बाजारात भेटतो, पंडितांशी गप्पा मारतो. एखादा वाद सुटलाच नाही तर तालमूद 'तेकू' म्हणतो, अर्थ एवढाच की राहू दे. लोकांनी मात्र त्या अक्षरांतून दुसरा अर्थ काढला: एलियाहू येईल, तो सोडवेल.

हाच एलियाहू रायगड जिल्ह्यातही येऊन गेला, असं बेने इस्राएली मानतात. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. त्यांनी तेल गाळण्याचा धंदा धरला, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. गावांवरून आडनावं पडली: केहीमकर, दिवेकर, राजपूरकर. ग्रंथ उरले नव्हते. लक्षात राहिलं ते शब्बाथ, सुंता, खाण्याचे काही नियम आणि 'शेमा' ही एक प्रार्थना. सणांनाही मराठी नावं पडली, खिरीचा सण, बिरड्याचा सण. मैमोनिदिसच्याच एका पत्रात हिंदुस्थानातल्या यहुद्यांना शब्बाथ आणि सुंतेपलीकडे काही ठाऊक नाही, असा उल्लेख येतो. तो यांच्याबद्दलच असावा असं काही अभ्यासक मानतात. (मैमोनिदिसचा व्यापारी भाऊ डेव्हिड हिंदी महासागरात बुडून वारला. त्याला या बाजूच्या बातम्या कळत असणार.)

आणि लक्षात राहिला एलियाहू हन्नाबी. अलिबागजवळच्या खंडाळे गावात एका खडकावर त्याच्या रथाच्या आणि घोड्याच्या खुणा दाखवतात. तिथूनच तो स्वर्गात गेला, अशी श्रद्धा आहे. नवस फेडायला, लग्नाआधी, नवं घर घेतल्यावर मलिदा होतो: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं, आणि एलियाहूचं गाणं. तालमूदमध्ये मलिदा कुठेही नाही. पोहे-खोबरं अर्थातच कोकणचं.

बॅबिलोनच्या पंडितांनी राखेत ठसे शोधले, कोकणातल्यांनी खडकावर. पण दोन्हीकडची विचारणा वेगळी आहे. खंडाळ्याच्या खडकाला कुणी कायदा विचारत नाही. देवाच्या माणसाने आपल्याला एवढ्या लांबही शोधून काढलं, एवढंच तो सांगतो. ग्रंथ हरवलेल्या समाजासाठी ही छोटी गोष्ट नाही.

पुढे कोचीनचे शिक्षक आले, छापखाने आले. मुंबईत 1796 मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी सिनेगॉग बांधलं. जोसेफ एझिकिएल राजपूरकरांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. यहुदी कथांवर मराठी कीर्तनंही झाली. तालमूदचे नियम समाजात उशिरा पोचले, आणि या उशिराची किंमत विसाव्या शतकात द्यावी लागली.

जेरुसलेममधलं धरणं

1948 नंतर बहुसंख्य बेने इस्राएली इस्राएलला गेले. तिथे लग्न आणि घटस्फोट रब्बींच्या हाती. काही रब्बींनी शंका काढली: यांना शेकडो वर्षं तालमूद माहीत नव्हता, मग घटस्फोट आणि विधवाविवाहाचे तालमूदी नियम पाळले गेले असतील का? नसतील तर यांच्याशी लग्न लावायचं का? 1961 मध्ये रब्बी मंडळाने परवानगी दिली, पण 1962 च्या सूचनांनुसार बेने इस्राएली वधू-वराच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करायची ठरलं.

शब्बाथ पाळून तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्यांच्या नातवंडांना आता यहुदी असल्याचे पुरावे मागितले जात होते. 1964 च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. त्या ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी आहेत, असं जाहीर केलं, आणि रब्बी मंडळाने सूचनांमधून बेने इस्राएलींचं नाव वगळलं.

कायदा माणसांच्या हाती आहे, हे तंदूरच्या गोष्टीतलं वाक्य इथे दोन्ही बाजूंनी लागू पडतं. चौकशीचा नियम करणारीही माणसंच होती आणि धरणं धरून तो बदलायला लावणारीही. आणि गोष्टीचा विषय आठवतोय ना? शब्दांनी माणसाला दुखावणं.

बघायला जायचं असेल तर

महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. पुण्यात रास्ता पेठेत बेने इस्राएलींचं सिनेगॉग आहे. कॅम्पातलं 'लाल देऊळ' हे बगदादी यहुदी डेव्हिड ससून यांनी बांधवलेलं, ते वेगळं. रायगडात अलिबाग, पेण आणि रेवदंड्यालाही सिनेगॉग आहेत.

एलियाहूच्या खडकासाठी शोधताना 'खंडाळे, अलिबाग तालुका' असंच शोधा, लोणावळ्याशेजारच्या खंडाळ्याचा याच्याशी संबंध नाही. पावसाळ्यात मुळशीला धरण आणि धबधबे बघायला जाणारे ताम्हिणी घाटातून परत फिरतात. तोच रस्ता पुढे माणगाव-कोलाडच्या बाजूला उतरतो आणि तिथून वडखळमार्गे अलिबागला जाता येतं. इस्राएलमध्ये वाढलेली बेने इस्राएली कुटुंबंही या खडकाशी येतात. आजी-आजोबांना मराठी येत असतं, नातवंडांना नाही. मलिद्यातले पोहे मात्र सगळ्यांना माहीत असतात.